लिफ्टिंग लग म्हणजे काय? जड वजन उचलणारा वेल्डिंगचा 'कान' सुरक्षित कसा बनतो

कढईला दोन कान असतात, म्हणून ती चुलीवरून उतरवता येते. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, पुलाचा गर्डर, कंपनीतल्या मोठ्या प्रेसचा बेस, जहाजाचा ब्लॉक, या सगळ्यांनाही असेच कान लागतात. फॅब्रिकेशनवाले त्याला लिफ्टिंग लग म्हणतात. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि जहाजबांधणीत त्याचं नाव पॅडआय. दिसायला अगदी साधी वस्तू आहे. जाड पोलादी प्लेटचा तुकडा, वरचा भाग गोल केलेला, मध्ये एक भोक आणि खालची कड जॉबला वेल्ड केलेली.

हायड्रा क्रेनने काहीतरी अवाढव्य उचलतानाचे रील तुम्हीही पाहिले असतील. त्यात सगळ्यांचं लक्ष क्रेनकडे असतं. क्रेनवर तिची क्षमता लिहिलेली असते, शॅकलवर टनात आकडा कोरलेला असतो, स्लिंगला टॅग असतो. या अख्ख्या साखळीत एकच कडी अशी असते जी कारखान्यातून तपासून आलेली नसते, तर साईटवर किंवा शॉपमध्ये कुणीतरी बसून जोडलेली असते. ती म्हणजे लग. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सर्व्हर पडला तर दुसरा तयार ठेवतात. इथे तसं काही नसतं. लग सुटला की वजन खाली येतं, आणि खाली बहुतेक वेळा माणसं असतात.

म्हणून मेकॅनिकल शिकून कोडिंगकडे वळलेल्या माणसाने हा विषय घेतलाय. आयटीआयला असाल, शॉपमध्ये हेल्पर असाल, साईटवर ट्रेनी म्हणून लागला असाल, तर याचा थेट उपयोग होईल. एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख लग समजून घेण्यासाठी आहे. खऱ्या जॉबवरच्या लगचं डिझाइन आणि त्यावरची सही त्या कामाची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरचीच हवी.

लग तुटतो तो कसा?

लग नापास व्हायचे रस्ते ठरलेले आहेत. शॅकलची पिन भोकातून जाते आणि वर ओढते. त्यामुळे एक तर भोकाच्या दोन्ही बाजूंची प्लेट ताणून तुटते. दुसरं, पिन भोकाच्या वरचा भाग फाडून बाहेर येते, कागदाला पंच केलेलं भोक कडेला फार जवळ असलं की फाटतं तसं. तिसरं, पिन जिथे टेकते तिथली धातू दबते आणि भोक लांबट होतं. हे तीनही प्रकार प्लेटचे आहेत आणि ते टाळणं त्यामानाने सोपं आहे: प्लेट जाड घ्या, भोक कडेपासून पुरेसं लांब ठेवा.

चौथा प्रकार वेल्ड तुटण्याचा. पाचवा, लग ज्याला जोडलाय ती खालची प्लेटच फाटण्याचा. आणि सहावा, लग आडवा वाकण्याचा. माझ्या मते खरा धोका या शेवटच्या तिघांत असतो, कारण ते बाहेरून लवकर दिसत नाहीत.

भोकाबद्दल दोन शब्द. भोक ड्रिलने किंवा बोअरिंगने करावं. गॅस कटिंगने पाडलेल्या भोकाची कड खडबडीत असते, तिथली धातू कडक झालेली असते आणि तडा सुरू व्हायला तेवढं पुरतं. भोक पिनपेक्षा थोडंसंच मोठं हवं. २५ मिमीच्या पिनला २८ मिमी ठीक आहे. पिन कुठलीही चालावी म्हणून ४० मिमी पाडलं, तर पिन एका रेषेवर टेकते आणि सगळा दाब तिथेच येतो. प्लेटची जाडीही शॅकलच्या तोंडाच्या मानाने फार कमी नसावी, नाहीतर शॅकल एका बाजूला सरकतो आणि तिरका ओढतो. मुख्य प्लेट पातळ असेल तर भोकाभोवती दोन्ही बाजूंनी गोल चकत्या वेल्ड करतात, त्यांना चीक प्लेट म्हणतात.

चार लग असले म्हणजे वजनाला चारने भागायचं?

नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे.

चार पायांचं टेबल सपाट फरशीवर ठेवलं तरी एक पाय डुगडुगतो, बरोबर? टेबल प्रत्यक्षात तीन पायांवर उभं असतं. चार स्लिंगांचंही तसंच आहे. एक स्लिंग चार-पाच मिलिमीटर लांब निघाली तरी ती ढिली राहते आणि तिच्यावर काहीच येत नाही. जॉब कडक, न वाकणारा असेल तर जवळपास सगळं वजन समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन लगांवर येऊ शकतं. म्हणून हिशेब करताना चारपैकी दोनच लग काम करतात असं धरण्याची पद्धत आहे. आठ टनांचा जॉब असेल तर प्रत्येक लग दोन टनांचा धरायचा नाही, चार टनांचा धरायचा.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. मशीनची मोटर एका टोकाला असेल तर वजन दोन्हीकडे सारखं कसं असेल? समजा आठ टनांच्या जॉबला टोकांना लग आहेत, मध्ये चार मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य एका टोकापासून एक मीटरवर आहे. मग त्या बाजूला सहा टन येतील आणि दुसऱ्या बाजूला दोनच. शाळेतला तरफेचा नियम आहे हा. क्रेनचा हूक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर नसेल तर जॉब जमीन सोडताच झोका घेतो आणि ठरवलेला सगळा हिशेब बदलतो.

स्लिंगचा कोन

दोघांनी मिळून पाण्याची बादली उचलताना जवळजवळ उभं राहिलं तर सोपं जातं, लांब लांब उभं राहून हात ताणले तर खांदे भरून येतात. बादली तीच असते. स्लिंगचं गणित हेच आहे.

दहा टनांचं वजन दोन स्लिंगांवर आहे असं धरा. दोन्ही सरळ उभ्या असतील तर प्रत्येकीत ५ टन ताण. स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर ५.७७ टन. ४५ अंशांना ७.०७ टन. आणि ३० अंशांना पूर्ण १० टन! म्हणजे दोन स्लिंग असूनही प्रत्येकीवर अख्ख्या जॉबइतका ताण. ३० च्या खाली तर आकडा वेगाने चढत जातो. साईटवर 'स्लिंग पुरतेय ना, मग घे उचलून' असं म्हणतात तेव्हा नेमकं हेच घडत असतं, कारण तोकडी स्लिंग म्हणजे आडवा कोन.

कोन मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो, लेव्हल दाखवणारं ॲप त्यावरच चालतं. स्लिंग नुकतीच ताणली गेली आहे आणि जॉब अजून जमिनीवरच आहे, अशा वेळी सुरक्षित अंतरावर समोर उभं राहून फोनची कड स्लिंगच्या रेषेला जुळवा, कोन दिसेल. दोन-तीन अंशांची चूक होते, पण ६० आणि ४० मधला फरक नक्की कळतो. याहून सोपी युक्ती हवी असेल तर ही घ्या: दोन लगांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच लांबीच्या दोन स्लिंग वापरल्या की समभुज त्रिकोण होतो, म्हणजे कोन आपोआप ६० अंश. स्लिंग त्याहून लांब असेल तर आणखी चांगलं.

लगचं तोंड कुठे हवं?

प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. रुंदीच्या बाजूने वाकवून बघा, वाकत नाही. आता सपाट बाजूने वाकवा, लगेच वाकते. लग हीसुद्धा जाड फूटपट्टीच आहे. स्लिंगचा ओढा प्लेटच्या सपाटीच्या दिशेत असेल तर लग मजबूत, त्याला काटकोनात असेल तर लेचापेचा.

आकड्यांत बघू. लग तळाशी १२० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड आहे. स्लिंग तिरकी असल्यामुळे भोकाशी आडवा ओढाही येतो, आणि त्यामुळे तळाशी वाकवणारा जोर तयार होतो. ओढा प्लेटच्या सपाटीत असेल तर जेवढा वाकण्याचा ताण येईल, त्याच्या ४.८ पट ताण लग ९० अंशांत फिरवून लावल्यास येतो. हा आकडा कुठून आला? १२० भागिले २५. बस, एवढंच. बाकी सगळं तेच ठेवून फक्त लग चुकीच्या दिशेला मारला, की तो पाचपट हाल सोसतो. त्यामुळे लग 'जॉबच्या कडेला समांतर, दिसायला छान' असा लावायचा नसतो. हूक जिथे येणार त्या बिंदूकडे लगची सपाटी गेली पाहिजे. चार कोपऱ्यांच्या जॉबवर लग बरेचदा कर्णाच्या दिशेने तिरके लावलेले दिसतात, ते यासाठीच.

शॅकललाही आडवा ओढा सोसत नाही. सरळ रेषेपासून ४५ अंश बाजूला ओढला तर त्याची क्षमता ७० टक्क्यांवर येते, ९० अंशांना निम्मी.

एक हिशेब करून बघू

वरचाच आठ टनांचा जॉब घेऊ. गुरुत्वमध्य मधोमध, चार लग, स्लिंग ६० अंशांना. दोनच लग काम करतात असं धरलं तर प्रत्येकावर उभं वजन ४ टन. कोनामुळे ताण ४.६२ टन. क्रेनच्या धक्क्यांसाठी आणखी २५ टक्के धरू, झाले ५.७७ टन, म्हणजे साधारण ५७ किलोन्यूटन. यासाठी ६.५ टनांचा शॅकल लागेल, त्याची पिन २५ मिमीची. लग २५ मिमी जाड, भोक २८ मिमी, भोकाच्या केंद्रापासून वरची कड ४५ मिमी, आणि केंद्र तळापासून ६० मिमी उंच.

साध्या ई२५० पोलादाची यील्ड म्हणजे कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा २५० मेगापास्कल. उचलण्याच्या साधनांसाठी अमेरिकेत वापरलं जाणारं एएसएमई बीटीएच-१ मानक कॅटेगरी बी साठी ३ चा सुरक्षा गुणांक धरतं. या हिशेबाने भोकाच्या दोन्ही बाजूंची प्लेट जवळपास १२९ किलोन्यूटन सोसते आणि वरचा भाग फाटायला सुमारे ७४ किलोन्यूटनपर्यंत परवानगी मिळते. दोन्ही ५७ च्या वर आहेत, म्हणजे प्लेट पास.

आता वेल्ड. दोन्ही लांब बाजूंना १० मिमीचा फिलेट मारला असं धरू. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. फिलेटची बाजू १० मिमी असली तरी ताकद ठरते ती त्याच्या गळ्यावरून, म्हणजे त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून तिरक्या बाजूपर्यंतच्या सर्वांत कमी अंतरावरून. तो असतो बाजूच्या ०.७ पट, म्हणजे ७ मिमी. दोन बाजू मिळून क्षेत्रफळ १,६८० चौरस मिमी. सरळ ओढ्याचा ताण २९ मेगापास्कल येतो. एवढ्यावर थांबलात तर वाटेल की भरपूर जागा आहे. पण स्लिंग तिरकी आहे, तिचा आडवा ओढा सुमारे २८ किलोन्यूटन, आणि तो तळापासून ६० मिमी वर लागतोय. त्यामुळे वाकण्याचा ताण ५० च्या आसपास आणि आडवं कातरण १७. सगळं एकत्र धरलं की ८२ मेगापास्कल. याच मानकाच्या हिशेबाने ७०१८ रॉडच्या वेल्डला परवानगी आहे साधारण ८० ची.

म्हणजे नापास! फिलेट १२ मिमी केला तर ताण ६८ वर येतो आणि लग पास होतो. सरळ ओढ्याचाच हिशेब केला असता तर ही गोष्ट कधी लक्षातच आली नसती. वेल्डवर आलेल्या ताणाचा मोठा वाटा वजनाचा नव्हता, कोनाचा होता. भोक जितकं उंच, तितकं हे वाकणं जास्त. म्हणून लग उगाच उंच ठेवू नये.

आता प्रत्यक्ष वेल्डिंग

जागा आधी साफ हवी. रंग, गंज, ग्रीस, गॅल्व्हनाइजिंगचा थर, सगळं ग्राइंडरने काढून चकचकीत पोलाद दिसलं पाहिजे. रंगावरच रॉड फिरवला तर वेल्डमध्ये वायूचे बुडबुडे अडकतात. ते आतून जाळीसारखं होतं आणि वरून गुळगुळीत दिसतं.

रॉड कोणता? गेट-ग्रिलच्या दुकानात ६०१३ चालतो, कारण तो सहज पेटतो आणि दिसायला छान येतो. लगसाठी ७०१८ वापरतात. नावातल्या पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ वेल्डची ताकद, ७० हजार पाउंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ४८० मेगापास्कल. पण मला विचाराल तर त्याची खरी किंमत दुसऱ्याच गोष्टीत आहे: तो लो हायड्रोजन रॉड आहे.

हायड्रोजनचा इथे काय संबंध? रॉडवरच्या फ्लक्समध्ये ओल असेल तर आर्कच्या उष्णतेने पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. वेल्ड थंड झाल्यावर तो बाहेर पडायला बघतो, शेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यात साचतो आणि तिथे तडा पाडतो. हा तडा लगेच पडत नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी पडतो! संध्याकाळी तपासलेला वेल्ड ठणठणीत होता, आणि तरी सकाळी आत तडा असू शकतो. म्हणूनच जास्त ताकदीच्या काही पोलादांसाठी एडब्ल्यूएस डी१.१ या कोडमध्ये शेवटची तपासणी वेल्ड झाल्यावर किमान ४८ तासांनी करायची असं लिहिलंय.

७०१८ लो हायड्रोजन राहतो तो कोरडा असेपर्यंतच. ओल लागलेले रॉड २६० ते ४३० अंश सेल्सिअसला किमान दोन तास भाजावे लागतात, शॉपमध्ये त्या भट्टीला मदर ओव्हन म्हणतात. नंतर ते किमान १२० अंशांवर गरम ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. बाहेर काढल्यावर साध्या ७०१८ ला चार तासांची मुदत. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये, उघड्या पुडक्यातून रॉड काढून लग मारणाऱ्याने ७०१८ घेतला काय आणि दुसरा कुठला घेतला काय, फार फरक पडत नाही.

जाड प्लेट आधी गरमही करावी लागते. जाड लोखंड उष्णता झटकन शोषून घेतं, वेल्ड फार लवकर थंड होतो, कडक होतो, आणि कडक धातूत हायड्रोजनचा तडा लवकर जातो. साध्या पोलादासाठी डी१.१ चे आकडे असे आहेत: ३८ ते ६५ मिमी जाडीला लो हायड्रोजन रॉडने किमान ६५ अंश, त्याच जाडीला साध्या रॉडने ११० अंश. रॉड बदलला की नियमही बदलतो, हे बघा.

रॉड फिरवताना सुरुवात आणि शेवट लगच्या टोकाशी करायचा नसतो. वेल्ड जिथे सुरू होतो आणि जिथे थांबतो तिथे खड्डा आणि कच्चेपणा राहतो, आणि लगच्या टोकांशीच ताण सर्वांत जास्त असतो. दोन्ही एकाच जागी आणणं म्हणजे आगीजवळ रॉकेल ठेवणं. म्हणून वेल्ड कोपऱ्यावरून वळवून अखंड नेतात. मोठ्या वजनाच्या लगला फिलेटवर न भागवता कडेला चॅम्फर मारून पूर्ण जाडीत वेल्ड भरतात, त्याला फुल पेनिट्रेशन म्हणतात. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतं, पण मुळाशी न जुळलेली फट राहत नाही.

खालची प्लेट विसरू नका

पोलादी प्लेट रोलरखाली दाबून बनते. आतले अशुद्ध कण, मुख्यतः मॅंगनीज सल्फाइड, त्या दाबाने चपटे होतात आणि थर पडतात, चिरोट्यासारखे. प्लेट लांबी-रुंदीत ओढली तर काही होत नाही. जाडीच्या दिशेने ओढली तर थर सुटायला लागतात. आणि लग नेमका तसाच ओढतो! याला लॅमेलर टेअरिंग म्हणतात. वेल्ड शाबूत राहतो आणि त्याच्या खालची प्लेटच पापुद्र्यासारखी उचकटते. जाड कामासाठी जाडीच्या दिशेने तपासलेल्या झेड-२५, झेड-३५ दर्जाच्या प्लेट मिळतात, आणि लग लावण्याआधी ती जागा अल्ट्रासॉनिकने तपासून घेतात.

प्लेट पातळ असेल तर तर आणखीनच काळजी. सहा मिमीच्या टाकीच्या पत्र्यावर २५ मिमीचा दणकट लग मारून काय होणार? लग तसाच राहील, पत्रा फाटेल. अशा वेळी लग आतल्या रिबच्या किंवा बीमच्या बरोबर वर घ्यावा, किंवा खाली मोठी पॅड प्लेट टाकून ओढा पसरवावा.

एका छोट्या वेल्डची गोष्ट

'अहो, एवढासा तुकडा तर जोडायचाय' असं कुणी म्हणालं तर त्याला अलेक्झांडर किलँड सांगा.

हा नॉर्वेचा, पाच पायांचा तरंगता रिग होता. उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्रात तो कामगारांच्या निवासासाठी वापरला जात होता. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात त्याचा एक पाय तुटून वेगळा झाला आणि अर्ध्या तासाच्या आत अख्खा रिग उलटला. २१२ जणांपैकी १२३ जण गेले.

चौकशीत तुटण्याची सुरुवात सापडली ती एका आडव्या नळीवर. सुमारे २.६ मीटर व्यासाची ती नळी रिगचे पाय जोडून ठेवत होती. तिला भोक पाडून पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, हायड्रोफोनचा, होल्डर बसवला होता. तो जोडला होता ६ मिमीच्या फिलेट वेल्डने. होल्डरवर वजन येणार नव्हतं, त्यामुळे त्या वेल्डकडे रचनेचा महत्त्वाचा भाग म्हणून कुणी पाहिलंच नाही. वेल्डचा दर्जा खराब होता, तिथे लॅमेलर टेअरिंगच्या खुणाही होत्या. तडा तिथून सुरू झाला, लाटांच्या प्रत्येक हेलकाव्याने थोडाथोडा वाढला आणि शेवटी नळीच तुटली. तड्याच्या आत जुना रंग सापडला. म्हणजे रिग समुद्रात उतरण्यापूर्वी, रंगकामाच्या वेळीच तडा तिथे होता.

तो लग नव्हता, हे खरं. पण लगचं वेल्डिंग करताना दोन जागांचा विचार का करायचा ते यातून कळतं. लग वजन उचलेल का, हा एक प्रश्न. आणि लग जोडल्यामुळे मूळ रचनेला आपण इजा तर केली नाही ना, हा दुसरा.

सळईचा हूक

बांधकामाच्या साईटवर उरलेली टीएमटी सळई इंग्रजी यू आकारात वाकवतात, दोन ठिकाणी वेल्डचे टाके मारतात, झाला हूक तयार. हे फार सर्रास चालतं आणि फार धोकादायक आहे. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कवचात असते, ते कवच कारखान्यात तापलेल्या सळईवर पाणी मारून बनवतात. वेल्डच्या उष्णतेने तिथलं कवच मऊ पडतं, घट्ट वाकवल्याने बाहेरच्या बाजूला बारीक तडे जाऊ शकतात, आणि सळईवरच्या नक्षीच्या खाचा तड्याला आयती वाट देतात. काँक्रीटच्या आत ही सळई उत्तम. क्रेनला लटकवायला नाही.

तसंच शॅकल, क्रेनचा हूक किंवा आय बोल्ट जॉबला थेट वेल्ड करू नका. ते फोर्ज करून हीट ट्रीटमेंट दिलेले असतात, आर्क लागली की ती ट्रीटमेंट गेली.

तपासणी

रंग मारण्याआधी तपासणी, हा पहिला नियम. रंग तडा झाकतो. आधी डोळ्यांनी बघायचं: कडेला अंडरकट आहे का, खड्डे आहेत का, फिलेट गेजने माप बरोबर येतंय का. नंतर डीपी टेस्ट, म्हणजे लाल द्रव लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. स्वस्त आणि सोपी टेस्ट आहे, पण ती फक्त पृष्ठभागापर्यंत आलेले तडे दाखवते. आतलं बघायला अल्ट्रासॉनिक लागतं.

त्यानंतर प्रूफ लोड. उचलण्याच्या साधनांना क्षमतेच्या १२५ टक्क्यांपर्यंत वजन लावून बघतात, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, खाली कुणीही नसताना, आणि मग वेल्ड पुन्हा तपासतात. चाचणीनंतरची ही तपासणी वगळली तर चाचणीला फारसा अर्थ राहत नाही, कारण जास्त वजनाने सुरू झालेला तडा पुढच्या खऱ्या लिफ्टला उघडेल. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने साखळ्या, शॅकल, हूक यांसारखी उचलण्याची साधनं बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घेणं बंधनकारक केलं होतं.

फोनचा इथे चांगला उपयोग होतो. प्रत्येक लगचा साफ केल्यानंतरचा, वेल्ड झाल्यावरचा आणि डीपीनंतरचा फोटो काढा, फ्रेममध्ये लग नंबर आणि फूटपट्टी येऊ द्या. पुढे कुणी 'हा लग कुणी, कधी मारला' असं विचारलं तर उत्तर गॅलरीत असेल. लगवर त्याची क्षमता पंच केलेली किंवा मार्करने ठळक लिहिलेली असावी. आकडा नसलेल्या लगला हूक लावायचा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझं वेल्डिंग चांगलं आहे, मी लग मारू शकतो का?*
हात चांगला असणं वेगळं आणि त्या पोझिशनची, त्या रॉडची वेल्डर टेस्ट पास असणं वेगळं. शिवाय डब्ल्यूपीएस, म्हणजे करंट किती, प्रीहीट किती, रॉड कोणता हे लिहिलेला कागद हातात हवा. तो नसेल तर मागा. मागितल्यावर कुणी हसलं तर हसू द्या.

*जुना लग पुन्हा वापरता येतो का?*
तो कशासाठी, किती वजनाचा होता हे माहीत असेल आणि पुन्हा तपासला असेल तरच. भोक लांबट झालेलं, प्लेट वाकलेली, किंवा रंगात केसासारखी रेघ दिसली तर तो बाद. वाकलेला लग हातोड्याने सरळ करून वापरणं हा तर आत्मघात आहे.

*लिफ्टचं शूटिंग करायचं असेल तर कुठे उभं राहू?*
जॉबच्या खाली नाही आणि त्याच्या फिरण्याच्या वाटेत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण स्लिंगच्या रेषेतही उभं राहू नका. लग सुटला की ताणलेली वायर रोप आणि शॅकल त्या रेषेत झेपावतात. लांबून झूम करा. आणि खलाशी इशारा देत असेल तेव्हा त्याच्या आणि क्रेन ऑपरेटरच्या नजरेच्या मध्ये येऊ नका.

*काम झाल्यावर लग काढायचा कसा?*
हातोडा मारून नाही. लग असा तोडला की वेल्ड मूळ प्लेटचा तुकडा घेऊनच निघतो आणि तिथे खड्डा राहतो. प्लेटपासून तीनेक मिमी वर गॅसने कापा, उरलेलं ग्राइंडरने सपाट करा, आणि त्या जागेची पुन्हा डीपी घ्या. रेघ निघाली तर ती ग्राइंड करून काढायची, आणि प्लेट मर्यादेबाहेर पातळ झाली असेल तर इंजिनिअरला विचारून दुरुस्ती करायची. रंग त्यानंतर.